चांदण्या पाखातला बांबू

मी, यादव पुंजा थविल, वय अदमासे सहासष्ट (शाळेच्या दाखल्यात एकसष्ट आहे, पण तो मास्तरांनी माझ्या उंचीवरून ठरवलेला आकडा आहे), धंदा शेती, बांबूकाम आणि साजगडाची वाट दाखवणे, राहणार मौजे साजखिंड, तालुका सुरगाणा, जिल्हा नाशिक, आज मंगळवार दिनांक ३ मार्च १९८७ रोजी हे मृत्युपत्र लिहायला बसलो आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की गूळ लावलेला नाही, आणि कालपासून चहाशिवाय काही घेतलेले नाही. गेल्या महिन्यात दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि म्हणाले, आता गड चढायचा नाही. गडाच्या पायथ्याशी राहून ज्याला गड चढायचा नाही त्याने आपले कागद करून ठेवावेत, एवढे मला कळते.

अक्षर माझे आहे. शुद्धलेखन आमच्या शाळेचे सावळीराम पगारे गुरुजी तपासणार आहेत. गुरुजी मूळचे नाशिक शहरातले, आईवडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली, घरात पुस्तके. चौदा वर्षांपूर्वी ते बदलीवर इकडे आले तेव्हा तीन महिन्यांत पळून जातील अशी पैज मी लावली होती आणि कोंबडा हरलो होतो. गुरुजींचे म्हणणे असे की मृत्युपत्रात मालमत्ता लिहावी, भावना लिहू नयेत. मी म्हटले, मग माझा कागद अर्ध्या पानातच संपेल.

कलम १. घर. साजखिंडीतले माझे राहते घर, तीन खणांचे, कुडाच्या भिंतींचे, वर नळीची कौले, हे माझा मुलगा मल्हारी याला द्यावे. मल्हारी नाशिकला सातपूरच्या कारखान्यात आहे. मुलगा गुणाचा आहे, पण घर म्हटले की त्याच्या डोक्यात स्लॅब येतो. त्याने खुशाल स्लॅब टाकावा, फक्त पुढच्या पडवीला हात लावू नये. ती तिन्ही बाजूंनी उघडी आहे तशीच राहावी. गडावरून उतरणारा माणूस कोणाचाही असो, त्याला तिथे बसता आले पाहिजे आणि माठातले पाणी मिळाले पाहिजे. पडवीला कुलूप लावले तर घर मल्हारीचे राहणार नाही, शाळेचे होईल.

कलम २. शेत. नागलीचे दीड एकर उतार आणि खालची भाताची तीन खाचरे मल्हारीलाच. तो कसणार नाही, मला माहीत आहे. माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलांनी कसावे, दाणे दोन्ही घरी जावेत. बांधावरची मानवेल बांबूची अकरा बेटे मात्र शेताबरोबर जात नाहीत. ती बांबूकाम मंडळाची. मंडळ आज कागदावर आहे की तेथेही नाही, हे मला ठाऊक नाही. नसले तरी बेटे त्याचीच.

मंडळ म्हणजे काय हे मल्हारीच्या मुलांना कळायचे नाही, म्हणून थोडे लिहितो. बहात्तरच्या दुष्काळात आमच्याकडे रस्त्याचे सरकारी काम निघाले. आम्ही सगळे खडी फोडायला गेलो. माती वाहायच्या पाट्या आठ दिवसांत फाटत होत्या. शेजारच्या पाड्यावरच्या चिमणाबाई लक्ष्मण भोये, दोन वर्षांपूर्वी नवरा वारलेला, पदरी मूल नाही, या स्वतः विणलेली पाटी घेऊन कामावर यायच्या. ती पाटी पूर्ण काम संपेपर्यंत टिकली. मुकादमाने तीच पाटी दाखवून सगळ्यांना विचारले, "अशी कोणाला येते?" मला येत होती, पण तिच्याइतकी नाही, म्हणून मी गप्प बसलो.

रस्ता गडाच्या पायथ्याला येऊन थांबला. पुढच्याच वर्षी त्या रस्त्याने मुंबईहून आणि नाशिकहून डोंगर चढणारे लोक यायला लागले. पाठीला पिशव्या, पायात बूट, आणि तोंडात एकच प्रश्न, "वर पाणी आहे का?" मी त्यांना वर नेऊ लागलो. उतरल्यावर ते आमच्या पडवीत बसत आणि तिथे ठेवलेली सुपे, टोपल्या, इरली हातात घेऊन बघत. एका बाईंनी सूप विकत घेतले आणि म्हणाल्या, दिवाणखान्यात भिंतीला लावीन. त्या गेल्यावर चिमणाबाई मला म्हणाल्या, "भिंतीला काय पाखडायचं हाय?" त्या दिवशी मी जितका हसलो तितका त्यानंतर हसलेलो नाही. त्र्याहत्तरच्या दिवाळीनंतर आम्ही बावीस घरांचे मंडळ केले. बेटातली तोड माझ्याकडे. फोडणे, पट्ट्या काढणे आणि भुंगा लागू नये म्हणून चुलीवरच्या माळ्यात धुरी देणे चिमणाबाईंकडे. विणायला सगळे, आणि विणायची जागा माझी पडवी.

कलम ३. हत्यारे. माझे दोन कोयते, एक सुरी आणि धार लावायचा दगड, मंडळाच्या घरांतल्या ज्या मुलीला एका पेरातून सोळा पट्ट्या न तुटता काढता येतील तिला द्यावेत. मुलगाच पाहिजे असे कोणी म्हणाल्यास त्याला सोळा काढून दाखवायला सांगावे.

पडवीच्या आड्यात खोचलेली दुसरी एक सुरी आहे. ती डावखुरी आहे, तिची धार उलट्या अंगाला आहे. ती चिमणाबाईंची. माझी नसल्यामुळे ती मृत्युपत्रात येत नाही. आठ वर्षे मी तिला दर अमावास्येला तेल लावतो, एवढीच नोंद करून ठेवतो.

कलम ४. पाहुण्यांची वही. १९७३ ते १९७९ या काळात गडावर आलेल्यांनी अभिप्राय लिहिलेली जाड वही शाळेला द्यावी. मुलांना वेगवेगळी अक्षरे वाचायला बरी. "चहा उत्तम, चढ अवघड" असे एकाने लिहिले आहे. "वाटाड्या फार बोलतो" असे दुसऱ्याने. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी लिहिले आहे, "खाली पडवीत विणकाम करणारे दोघे एकमेकांशी न बोलता तासभर काम करत होते. इतकी शांतता गडावरही नव्हती." हे पान मी काढून घेणार होतो, पण मग वहीची शिवण सुटली असती.

कलम ५. भांडण. कारभारी महाले याने १९७६ साली फाट्यावरच्या खडकावर मी चुन्याने काढलेला बाण पुसून आपल्या दाराकडे वळवला. दोन वर्षे माझे पाहुणे त्याच्याकडे चहा प्यायले. मी त्याला माफ केले आहे, पण अर्धेच. तेराव्याला त्याला जेवायला बोलवावे, मात्र पहिल्या पंगतीत बसवू नये.

कलम ४ चे राहिलेले: वहीबरोबर लाकडी पेटीतले दोरखंड आणि डोंगर चढणाऱ्यांनी बक्षीस दिलेली शिट्टीही शाळेला. शिट्टी गुरुजींनी जपून वाजवावी, ती तीन डोंगरांपलीकडे जाते.

कलम ६. पोस्टातल्या पुस्तकात जे असेल त्यातून माझे क्रियाकर्म करावे. उरले तर गडाच्या टाक्यातला गाळ काढावा. उरले नाही तर गाळ मल्हारीने स्वतः काढावा, त्याची तब्येत सुधारेल.

कलम ७. इथपर्यंतचे सगळे मी एका बैठकीत लिहिले. हे कलम लिहायला मला सहा दिवस लागले.

आमच्याकडे बांबू अंधाऱ्या पाखात तोडतात, म्हणजे पौर्णिमेनंतरच्या पंधरवड्यात, आणि त्यातही अमावास्येच्या तोंडावर. चांदण्या पाखात बांबूत रस चढलेला असतो. तो गोड असतो, त्यामुळे त्याला भुंगा लागतो आणि वर्षाच्या आत आतून पीठ होते. हे आमच्यातल्या चार वर्षांच्या पोरालाही माहीत असते. कोणी चांदण्या पाखात बेटात कोयता नेला तर त्याची आईच त्याला परत पाठवते.

१९७८ च्या दिवाळीनंतर गुजरातच्या हद्दीतल्या थंड हवेच्या ठिकाणच्या एका हॉटेलाचे मॅनेजर माझ्याबरोबर गड चढून आले. त्यांनी पडवीतले काम पाहिले आणि दिव्यांवर घालायच्या एकशे साठ टोपल्या नाताळापर्यंत मागितल्या. उजेडावर टोपली घालून तो कमी करायचा आणि मग त्याचे कौतुक करायचे, हे आम्हाला नवीन होते, पण काम मोठे होते. बावीस घरांना पुढे वर्षानुवर्षे काम मिळाले असते. मॅनेजरांनी विचारले, "जमेल का?" मी गडावर उभा होतो, वारा सुटला होता, आणि मी म्हणालो, "जमेल म्हणजे काय!" ती बढाई होती. अमावास्येला अजून अठरा दिवस होते.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी मी एकटा बेटात गेलो आणि चांदण्या पाखात बांबू तोडला. तोड माझ्याकडे होती, त्यामुळे तपासणारे कोणी नव्हते. दुसऱ्या दिवशी चिमणाबाईंना सांगितले, हा मागच्या अमावास्येचा आहे, ओढ्यात बुडवून ठेवला होता, म्हणून ओला लागतो. त्यांनी एक पेर हातात घेतले, नाकाजवळ नेले, आणि फोडायला बसल्या.

त्यानंतरचे चाळीस दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते, आणि खोट्याच्या पायावर उभे होते. चिमणाबाई रोज सकाळी पाड्यावरून यायच्या. त्या पट्ट्या काढायच्या, मी विणायचो. माझी बायको जाऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती. त्या चाळीस दिवसांत एक गोष्ट बोलायची असे मी रोज ठरवायचो आणि रोज बांबूबद्दल बोलायचो. मला त्या आवडत होत्या. आता छप्पन्न जणांनी वाचले तरी चालेल, म्हणून लिहितो, मला त्या फार आवडत होत्या. ऑर्डर पोचली की बोलू, असे मी ठरवले. ऑर्डर पोचली, मग म्हटले शिमगा होऊ दे. शिमगा झाला, मग म्हटले लावणी होऊ दे.

लावणीच्या आधीच टोपल्या परत आल्या. ट्रक शाळेसमोर थांबला. हॉटेलात जेवणाऱ्यांच्या ताटात वरून पीठ पडत होते, असे ड्रायव्हर म्हणाला. आम्ही एक टोपली उचलली तर ती हातात चुरा झाली. त्याच दिवशी शाळेच्या ओट्यावर मंडळाची बैठक भरली. बावीस घरांची माणसे होती. धोंडाबाई म्हणून एक म्हातारी सभासद होत्या, त्यांनी विचारले, "यादवा, तोड कवाची व्हती?"

मी म्हणालो, "तोड बरोबर होती. धुरी कमी पडली असेल."

धुरी चिमणाबाईंची होती. मी "पडली असेल" म्हटले, नुसते "पडली" म्हटले नाही. त्या एका शब्दाच्या आधाराने मी स्वतःला बरीच वर्षे प्रामाणिक समजत आलो. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग त्या म्हणाल्या, "बरं." एवढेच. तिसऱ्या दिवशी त्या सकाळच्या एस.टी.ने गेल्या. पिंपळगाव बसवंतकडे द्राक्षाच्या मळ्यात त्यांची बहीण होती. मंडळ त्या साली मोडले. जिच्या पाटीचे उदाहरण मुकादम देत होता, तिच्या हाताला "कच्चे काम" असे नाव पडले, आणि ते आमच्या भागात अजून आहे. परवा बाजारात एक पोर दुसऱ्याला म्हणत होते, "चिमणाबाईची धुरी देऊ नको." त्याला ती कोण हेही माहीत नसेल.

मी तीन वेळा पिंपळगावला गेलो. ऐंशी साली, ब्याऐंशी साली आणि पंच्याऐंशी साली. तिन्ही वेळा एस.टी.तून उतरलो, मळ्याच्या तारेपर्यंत गेलो, शेडमध्ये द्राक्षाच्या करंड्या विणत बसलेली त्यांची पाठ पाहिली, स्टँडवर येऊन चहा प्यायलो आणि परत आलो. मल्हारीला सांगितले की बियाणे पाहायला गेलो होतो. मल्हारीने एकदाही विचारले नाही की बियाणे कुठे आहे.

तर बांबू मी चांदण्या पाखात तोडला होता. धुरी बरोबर होती. हे कलम माझ्या मागे, मंडळाची जी माणसे जिवंत असतील त्यांना शाळेच्या ओट्यावर बोलावून, गुरुजींनी मोठ्याने वाचावे.

कलम ८. वरच्या कलमातले शेवटचे वाक्य रद्द समजावे. कारण असे. गुरुजींनी शुद्धलेखन तपासताना तिथे पेन्सिल थांबवली आणि म्हणाले, "थविल, तुमच्या मागे म्हणजे चिमणाबाईंच्याही मागे असू शकतं. आणि मेल्यावर खरं बोलायला काय लागतं?" मला राग आला. दोन दिवस मी शाळेच्या वाटेने गेलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो आणि त्यांना विचारले, रविवारची सुट्टी माझ्याबरोबर पिंपळगावला काढाल का.

कलम ९. चिमणाबाई लक्ष्मण भोये यांना मी काहीही ठेवलेले नाही. विसरलो म्हणून नाही. कळवणच्या वकिलांनी सांगितले की कागदात ज्याला काही मिळते त्याने साक्षीची सही करू नये. त्यांना काही दिले असते तर त्यांनी ते घेतले नसते, हे मी जाणतो. पण साक्ष मागितली तर कदाचित देतील, कागदावर साक्ष मागायला आलेल्याला त्या कधी परत पाठवत नसत. म्हणून घर, शेत, भांडे, चिंधी यांतले काही त्यांना जाणार नाही याची मी मुद्दाम काळजी घेतली आहे. मला त्यांच्याकडून अंगठा हवा आहे, आणि अंगठा देण्याआधी त्यांनी कलम ७ ऐकावे एवढेच हवे आहे.

पुढचा मजकूर रविवार दिनांक २२ मार्च १९८७ रोजी, पिंपळगाव बसवंतजवळच्या द्राक्षमळ्यातील शेडमध्ये लिहिला.

आम्ही पोचलो तेव्हा बायका भाकरी खाऊन पुन्हा कामाला लागल्या होत्या. चिमणाबाई करंडी विणत होत्या. केस पांढरे झाले आहेत, हात तसाच चालतो. गुरुजींनी आमचे येणे सांगितले. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "लय दम लागतोय तुम्हाला. बसा." मी बसलो नाही. उभ्यानेच कलम ७ वाचले, "मला त्या फार आवडत होत्या" या वाक्यासकट. ते गाळावे असे शेडच्या दारात मला फार वाटले होते.

मग त्या म्हणाल्या, "मल्हारीच्या बा, मला नीट ऐकू आलं नाय. पुन्हा वाचा. जरा मोठ्यानं, त्या पल्याडच्या बायांना बी ऐकू जाऊ द्या."

मी पुन्हा वाचले. पल्याडच्या बायांनी करंड्या खाली ठेवल्या. मी दुसऱ्यांदा वाचत असताना गुरुजींनी दोनदा पाणी दिले. झाल्यावर चिमणाबाईंनी विचारले, "हे आपल्या गावात कवा वाचनार?" मी म्हटले, येत्या रविवारी, अमावास्येला, शाळेच्या ओट्यावर, मीच वाचणार. त्या म्हणाल्या, "मंग आना तो कागद इकडं."

वरील सर्व मी स्वतः लिहिले, दोनदा वाचून दाखवले, ते खरे आहे. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही आणि पुन्हा करण्याइतका दम मला नाही. खालील दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करतो.

सही: यादव पुंजा थविल

साक्षीदार क्रमांक १: सही, सावळीराम पगारे, प्राथमिक शिक्षक, साजखिंड. (मृत्युपत्रात भावना लिहू नयेत असे मी म्हणालो होतो. ते मागे घेतो.)

साक्षीदार क्रमांक २: अंगठा, चिमणाबाई लक्ष्मण भोये, मूळ राहणार साजखिंड, हल्ली पिंपळगाव बसवंत.

ठिकाण पिंपळगाव बसवंत, तालुका निफाड, जिल्हा नाशिक. दिनांक २२ मार्च १९८७.

अंगठा दिल्यावर साक्षीदार क्रमांक २ यांनी आपले म्हणणेही कागदावर यावे असे सांगितले. ते साक्षीदार क्रमांक १ याने त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतले आहे:

"धुरी मी बराबर दिली व्हती. पन बांबू चांदण्या पाखातला हाय, हे मला पयल्या दिशीच कळलं व्हतं. वढ्यात मुरलेल्या बांबूला आंबूस वास येतो. त्याला गोड वास व्हता. तवाच बोलले असते तर काम थांबलं असतं. आन् काम थांबलं असतं तर रोज सकाळी त्या पडवीत जायाला मला काय निमित्त व्हतं?"